दहा लाखांचं कोल्हापूर

आमचे अब्बा शिवाजी पेठेत फुटबॉल शिवायचे. रस्त्याला लागून एक अरुंद खोली होती, तिला आम्ही दुकान म्हणायचो. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात, आणि पेठेतल्या आणि पेठेबाहेरच्या झाडून सगळ्या तालमींचे बॉल तिथं यायचे. कुणाची शिवण उसवलेली, कुणाचा ब्लॅडर गेलेला, कुणाचा बॉल थेट कुत्र्याच्या तोंडातून सोडवून आणलेला. अब्बा बॉल दोन गुडघ्यांत धरून मेणाच्या दोऱ्यानं शिवत बसायचे आणि समोरच्या बाकड्यावर बॉल घेऊन आलेली माणसं कालच्या मॅचवरून भांडत बसायची. बाहेरगावचा माणूस चुकून त्या बाकड्यावर टेकला, तर त्याला वाटावं आता इथं डोकी फुटणार. तसं काही व्हायचं नाही. चहा यायचा आणि सगळे मिळून प्यायचे.

कोल्हापुरात कुणी कोल्हापूरचं नसतं, हे बाहेरच्यांना कळायला जरा वेळ लागतो. माणूस आधी तालमीचा, मग पेठेचा, आणि फारच लांब गेला, मुंबईला वगैरे, तर तिथं कोल्हापूरचा. आमच्या पेठेचं आणि पलीकडच्या पेठेचं फुटबॉलवरून जुनं वाकडं. त्या पेठेचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर गल्लीतले लोक विचारायला येतील, आणि भांडायचं माझं वय आता राहिलेलं नाही. बॉल मात्र दोन्हीकडचे अब्बांकडेच यायचे आणि अब्बा दोन्हींना सारखाच दोरा घालायचे.

अशा घरात माझ्या मोठ्या भावानं, आम्ही त्याला भाई म्हणायचो, बास्केटबॉल खेळायला सुरुवात केली. दोष त्याच्या उंचीचा. सातवीतच तो दाराच्या चौकटीला डोकं लावायचा. शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी त्याला हेरला आणि मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं एक कोर्ट होतं तिथं नेऊन उभा केला. त्या कोर्टावर एरवी पापड वाळत घातलेले असायचे. सर स्वतः कधीकाळी राज्याकडून खेळलेले. कोल्हापूरला बास्केटबॉल शिकवायचाच, अशा जिद्दीनं ते इथं आले होते आणि कोल्हापूर त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हतं.

भाईनं पहिल्यांदा तो नारिंगी बॉल घरी आणला तेव्हा अब्बांनी तो हातात फिरवून फिरवून बघितला.

"ह्येला शिवणच न्हाय," ते म्हणाले. "टायर हाय ह्यो."

पुढं तो बॉल पंक्चर झाला की अब्बा सायकलवाल्याकडून सोल्युशन आणून ठिगळ लावायचे, पण तोंड वाकडं करून. त्यांचा एक हिशेब होता. गावात बॉल किती फुटतात यावर तो खेळ गावात आहे की नाही ते कळतं, असं ते म्हणायचे. फुटबॉल पोत्यानं फुटायचे. बास्केटबॉल गावात दोनच होते आणि दोन्ही सरांचे.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबल आली आणि भाईला अमेरिका दिसली. तिकडचे सामने इकडे सकाळी लागायचे. शेजारच्या घरी टीव्ही, आणि भाई त्यांच्या उंबऱ्यात उकिडवा बसून चहा थंड होईपर्यंत बघत राहायचा. तिथली माणसं खेळून घर चालवतात, नुसतं चालवत नाहीत तर बंगले बांधतात, याचं त्याला अप्रूप होतंच. पण त्याहून जास्त अप्रूप त्याला दुसऱ्याच गोष्टीचं. तिकडे एका शहराला एक संघ. अख्खं शहर एका संघाच्या मागं.

"सगळं गाव एका बाजूला," तो मला सांगायचा. "पेठबीठ काय न्हाय."

"मग भांडत्यात कुणाशी?" मी विचारायची.

"दुसऱ्या गावाशी की."

मला ते जरा बेचव वाटायचं, खरं सांगायचं तर.

मी तेव्हा कॉलेजात भूगोल घेतला होता. भाई मला म्हणाला, ज्या गावांना संघ आहेत ती गावं केवढी आहेत ते बघून दे. मी लायब्ररीतला मोठा अ‍ॅटलास काढून बसले. त्यात एक सॉल्ट लेक सिटी नावाचं गाव निघालं. त्यांचा संघ तेव्हा चांगलाच गाजत होता आणि गाव लोकसंख्येनं कोल्हापूरपेक्षा लहान. चांगलंच लहान. मी घरी येऊन सांगितलं तर भाईच्या तोंडावर असा आनंद पसरला, जणू आपल्या घरात कुणाला तरी मुलगा झाला. तो ती बातमी घेऊन बाकड्यावरच्या प्रत्येकाला सांगत सुटला. अमेरिकेत आपल्यापेक्षा लहान गावाला संघ आहे, बास्केटबॉलचा, पगारी. बाकड्यावरची माणसं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "फुटबॉल खेळत्यात काय तिथं?"

सरांनी मात्र त्याचा आनंद फार टिकू दिला नाही. ते म्हणाले, ते लोक नुसतं शहर मोजत नाहीत. शहराला लागून असलेली सगळी वस्ती मोजतात. जिथून माणूस सामना बघायला येईल आणि रात्री घरी जाऊन झोपेल, तेवढा सगळा मुलूख. भाई म्हणाला, "मग आपल्याला बी लागून गावं हायतच की." सर हसले आणि विषय तिथंच राहिला.

मधली वर्षं जशी सगळ्यांची जातात तशी गेली. भाई शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. भट्टीतून निघालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासायचं काम. संध्याकाळी यायचा तो भुवयांपर्यंत काळा होऊन. अंगावर दोन तांबे पाणी घेतलं की शाळेच्या कोर्टावर. तिथं सरांनी तयार केलेली आमच्याच पेठेतली पाच-सात पोरं असायची. पुण्यात, नगरला, गोव्यात सामने जिंकून यायची आणि स्टँडवर उतरली की त्यांना रिक्षावालाही विचारायचा नाही. सख्खे चुलते भाईला विचारायचे, "अजून ते टोपलीत बॉल टाकायचं चाललंय काय?" अम्मीनं त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. फौंड्रीच्या धुळीनं त्याला खोकला सुरू झाला होता. भाई खोकला की अब्बांची सुई थांबायची.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक दिवस सर दुकानात आले ते चपला न काढताच. मुंबईतले कुणी दोन साहेब पगारी बास्केटबॉल लीग काढणार होते. महाराष्ट्रातल्या काही शहरांना एकेक संघ. बाकीची शहरं ठरली होती. दक्षिणेकडचा एक संघ राहिला होता, तो कोल्हापूरला द्यायचा की सांगलीला, एवढाच प्रश्न होता. साहेबांची अट होती, शहर आणि आसपासच्या मुलखातली मोठी गावं धरून दहा लाख माणूस पाहिजे, आणि ते माणूस मैदानावर येतं का हे ते स्वतः येऊन बघणार.

"संघ कोल्हापूरला मिळाला तर कॅप्टन हा," सर भाईकडे बोट दाखवून म्हणाले. "पगार फौंड्रीपेक्षा जास्त. पण आता मिळाला तर मिळाला. पुढच्या वर्षी कोण थांबतंय."

भाईचं वय तेव्हा खेळाडू म्हणून उताराला लागायच्या बेतात होतं. अब्बांनी विचारलं, "फौंड्री सोडायला लागंल?" सर म्हणाले, "सोडायलाच लागेल." अब्बांनी हातातला बॉल खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बेटा, मोज."

मग आमच्या दुकानात कोल्हापूर मोजायचं काम सुरू झालं. मी जिल्ह्याचा नकाशा आणला, चामडं कापायच्या फळीवर पसरला आणि कंपासनं वर्तुळ काढलं. एसटीनं दीड तासात जिथून येता येतं तेवढं. वर्तुळ पूर्ण झालं आणि मी कपाळावर हात मारला. सांगली त्यात आली होती.

"वगळ," सर म्हणाले.

"सर, अशी वगळता येत नाही. ती तिथं आहे."

"वगळ म्हणतोय न्हवं," बाकड्यावरचे सगळे एकदम म्हणाले.

तिकडे सांगलीतही कुणीतरी असंच वर्तुळ काढत असणार आणि त्यात कोल्हापूर येत असणार, हे माझ्या डोक्यात आलं. जयसिंगपूर तर दोघांनीही धरलं असणार, शंकाच नको. निपाणी वर्तुळात होती, पण ती कर्नाटकात. अब्बा म्हणाले, "निपाणीच्या पोरांचे बॉल माझ्याकडंच येत्यात. धर." सरांची सासुरवाड चंदगडची, म्हणून त्यांना चंदगड धरायचं होतं. मी म्हटलं, पावसाळ्यात चंदगडहून निघालेली एसटी इथं पोचेपर्यंत खेळाडू आंघोळ करून घरी गेलेले असतील. तरी ते बिचारे म्हणत राहिले, उन्हाळ्यात धर की, उन्हाळ्यात रस्ता चांगला असतो.

खरी गंमत शेजारच्या एका गावच्या सरपंचांनी केली. ते आपल्या गावच्या मंडळाचा बॉल घेऊन आले होते. त्यांचं गाव शहराला इतकं चिकटलेलं, की शहर कुठं संपतं ते तिथल्या म्हशींनाच माहीत. पण हद्दवाढीचा विषय निघाला की हे सरपंच रस्त्यावर आडवे पडायचे. शहरात यायचं नाही म्हणजे नाही. मी त्यांना विचारलं, "तुमचं गाव धरू का आमच्यात?"

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मॅचला धरा. घरफाळ्याला धरू नका."

अशा तऱ्हेनं कोल्हापूर दहा लाखांचं झालं. कागदावर का होईना, पण झालं. सांगलीवाल्यांना तेवढा त्रास पडला नसावा, कारण त्यांनी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका आधीच करून ठेवली होती. सर म्हणाले, आता कागदाचं सोडा, माणसं आणा. साहेबांनी दोन्ही शहरांत एकेक सामना ठेवला होता, कोल्हापूर विरुद्ध सांगली. सांगलीतला झाला. आपण हरलो, पण साहेबांचं लक्ष खेळाकडे नव्हतंच, ते सगळा वेळ बाकं बघत होते. बाकं निम्मी रिकामी होती. हे ऐकून अब्बांना हुरूप आला. गर्दी जमवणं हा कोल्हापूरला कुणी शिकवायचा विषय नाही.

पुढचे आठ दिवस दुकानात जो कुणी बॉल घेऊन आला त्याला अब्बांनी एकच सांगितलं. रविवारी मॅच आहे, समद्यांनी यायचं. आमच्या पेठेला सांगितलं, पलीकडच्या पेठेला सांगितलं. पलीकडच्या पेठेतले वस्ताद, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की बोलले तरी दुकानातल्या सुया हलाव्यात, त्यांना तर अब्बांनी हात धरून सांगितलं, "वस्ताद, पोराची मॅच हाय. माणसं घेऊन या." वस्तादांनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे दोन टेम्पो माणूस.

रविवारी दुपारी शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा उरली नाही. भिंतीवर माणसं, झाडावर माणसं, सायकल स्टँडच्या पत्र्यावर माणसं. मला सरांनी गुणफलकाचे आकडे बदलायला बसवलं होतं आणि माझ्या शेजारीच दोन्ही साहेब. ते सारखे वळून वळून मागं बघत होते. एक जण म्हणाला, "अनबिलिव्हेबल." अब्बा नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्या माणसाला मी इतका खूश ईदलाही बघितला नाही.

आणि मग आमच्या लोकांनी ते केलं. त्यांचा दोष नाही, आमच्याकडे तसंच करतात. खेळाडू मैदानावर एकटेदुकटे येत नाहीत. तालमीत मोहरमच्या पंजांपुढं आणि मारुतीपुढं नारळ फुटतो, पोरांना गुलाल लागतो आणि हलगीच्या तालावर, पुढं तालमीचं निशाण धरून, मिरवत मैदानावर आणतात. सर, मी, अब्बा, कुणाच्याच मनात आलं नाही की आज हे नको. आमच्या पेठेचं निशाण मैदानात शिरलं, त्याच्यामागं आमच्याच पेठेतले पाच खेळाडू, आणि पलीकडच्या पेठेचा अख्खा कोपरा उठून उभा राहिला.

त्यांनाही दुसरं काय सुचणार? समोर आमचं निशाण दिसल्यावर गप्प बसायची त्यांना सवयच नव्हती. पहिली शिट्टी वस्तादांची. मग सगळ्यांच्या. भाईच्या हातात बॉल आला की शिट्ट्यांचा असा कल्लोळ, की रेफरीची शिट्टी कुणाला ऐकू येईना. थोड्या वेळानं त्यांना वाटलं असावं, नुसतं विरोधात ओरडण्यात मजा नाही, कुणाच्या तरी बाजूनं ओरडायला पाहिजे. आणि माझ्या या कानांनी मी कोल्हापूरच्या मातीवर कोल्हापूरच्या माणसांना "सांगली, सांगली" ओरडताना ऐकलं. सांगलीची पोरं खेळायची थांबून बघायला लागली. त्यांच्यासाठी त्यांच्या गावात सुद्धा कुणी असं ओरडलं नव्हतं.

एका साहेबानं अब्बांना वाकून विचारलं, "सांगलीहून इतके लोक आले?"

अब्बांच्या जागी दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. अब्बा म्हणाले, "न्हाय साहेब. ही आमचीच हायत."

"मग तुमच्या विरोधात का?"

याचं उत्तर द्यायला अब्बांना आपल्या आजोबांच्या काळापासून सुरुवात करावी लागली असती. सामना कोल्हापूरनं जिंकला, अगदी शेवटी, भाईच्या बास्केटवर. आमच्या पेठेनं त्याला खांद्यावर घेतला. पण मी साहेबांच्या शेजारी बसले होते आणि त्यांनी आपली फाइल मिटलेली मला दिसली होती.

संघ सांगलीला गेला. सरांना फोनवर जे सांगितलं ते त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. सांगलीला माणसं कमी होती, पण सगळी एका बाजूची. तुमच्याकडे माणसं भरपूर, पण शहर कुठंय? सर हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होते. मला आजही त्या साहेबांचा राग येतो, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, म्हणून जास्तच येतो. एक गोष्ट त्यांनी बरी केली. भाईचा खेळ त्यांना पटला होता. सांगलीच्या संघात त्याला घ्यायला ते तयार होते, पण पक्का नाही. पहिल्या सामन्यापुरता. तिथं लोकांनी त्याला उचलून धरला तर हंगामभर, नाहीतर नाही.

त्याच आठवड्यात वस्ताद बॉल घेऊन दुकानात आले. बाकड्यावर बसले नाहीत. दारातच उभे राहिले.

"ते सायेब मोजायला आल्यात म्हून कुणी सांगितलं न्हाय आमास्नी," ते म्हणाले. "आमाला वाटलं, मॅच हाय."

अब्बांनी मान वर केली नाही. "बॉल न्या तिकडं कुठं तरी. मी शिवत न्हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा बॉल परत पाठवल्याचं मला आठवत नाही. एवढ्यात भाई शिफ्ट करून आला. तसाच काळा. त्यानं वस्तादांच्या हातातून बॉल घेतला आणि अब्बांच्या मांडीवर ठेवला.

"शिवा, अब्बा," तो म्हणाला. "इतकी वर्सं खेळालोय ह्या गावात. कुणी शिवी दिली न्हाय मला, का शिट्टी मारली न्हाय. फुटबॉलवाल्यास्नी मारत्यात. त्या दिवशी पयल्यांदा मला बी मारली."

वस्तादांनी विचारलं, "सांगलीला कवा हाय तुजी मॅच?"

भाईनं सांगितलं आणि आत हातपाय धुवायला निघून गेला.

त्यानं फौंड्री सोडली. मालक म्हणाले, परत आलास तर बघू, जागा असेल तर असेल. आमच्या पेठेत ही बातमी काही गोडीनं घेतली गेली नाही. पोर सांगलीचा शर्ट घालणार म्हणजे काय, बाकड्यावर चार दिवस तेवढाच विषय. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतला होता ते आता रस्ता बदलून जायला लागले. सामन्याच्या दिवशी अब्बा आणि मी एसटीनं सांगलीला गेलो. पेठेतलं दुसरं कुणीही आलं नाही.

सामना पुण्याबरोबर होता, दुपारचा. सांगलीकरांनी भाईला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, स्वतःच्या पोरांसाठी. भाईनं बास्केट केला की टाळ्या जराशा पडायच्या, पाहुण्याला वाढल्यासारख्या. त्यांनी तरी का ओरडावं, शेवटी तो कोल्हापूरचा. भाईचे पाय जड झाले होते ते मला लांबून दिसत होतं. सोपे बॉल त्याच्या हातून सुटत होते. साहेब समोर बसले होते. अब्बांनी माझा हात धरला होता आणि मुठीतून सोडतच नव्हते. मला वाटत होतं, पुढच्या आठवड्यात हा परत त्या ग्राइंडरपुढं उभा राहणार आणि या वेळी काही न बोलता आयुष्यभर उभा राहणार.

पहिला भाग संपायला आला असेल, तेव्हा बाहेरून हलगी ऐकू आली.

वस्ताद पुढं, मागं त्यांचं निशाण, मागं दोन टेम्पो माणूस. त्यांनी रीतसर तिकिटं काढली होती. कोपऱ्यातली बाकं पकडली, आणि भाईच्या हातात बॉल आल्या आल्या त्याच त्या, कान किटवणाऱ्या शिट्ट्या सुरू केल्या. सांगलीकर चकित होऊन मागं वळले. आपल्या गावात येऊन, आपला शर्ट घातलेल्या माणसाला कोण शिट्ट्या मारतंय म्हणून त्यांना राग आला, आणि रागानं का होईना ते भाईच्या नावानं ओरडायला लागले. थोड्या वेळानं आमच्या पेठेतली पोरं मोटरसायकलींवर आली. ती येणार नव्हती. पण पलीकडचे लोक गेले आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना कसं झेपणार?

भाईनं एकदा मान वळवून त्या कोपऱ्याकडे बघितलं. मग तो जो खेळला तो मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. शिट्टी वाढली की त्याची उडी वाढायची. अब्बा रडत होते, उघडउघड, नव्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत. मीही रडत होते आणि ओरडत होते. कुणाच्या बाजूनं ते मला आता सांगता येणार नाही. सामना संपल्यावर साहेब खाली उतरून आले आणि तिथंच भाईचा हात हातात घेऊन म्हणाले, हंगामभर.

ती लीग पुढं फार टिकली नाही. एक हंगाम पुरा झाला, दुसरा सुरू होता होता कुठं तरी पैसे अडले आणि साहेब दिसेनासे झाले. भाई शिरोलीला परत गेला, दुसऱ्या फौंड्रीत, आणि नंतर सुपरवायझर झाला. पण तेवढा एक हंगाम तो खेळून घर चालवत होता. अम्मीनं त्या पैशांतून आणलेला तांब्याचा बंब आमच्या घरी अजून आहे.

त्या पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी आम्ही सांगलीच्या स्टँडकडे चालत निघालो होतो. मागून टेम्पो आला आणि थांबला. ड्रायव्हरशेजारी वस्ताद. त्यांनी दार उघडलं, स्वतः खाली उतरले आणि भाईला म्हणाले, "बस." ती जागा तालमीत फक्त वस्तादांची असते. भाई नको नको म्हणत होता, तर त्यांनी दंडाला धरून त्याला आत ढकलला आणि स्वतः मागं येऊन अब्बांशेजारी, निशाणाच्या काठीला टेकून बसले. मला पोरांनी सतरंजी अंथरून दिली. टेम्पो अंकलीच्या पुलावर आला. सगळ्यांचे घसे बसले होते.

वस्तादांनी केबिनच्या मागच्या काचेवर बोटानं ठोकलं.

"पुढची मॅच कुठं हाय रं तुजी?"

"नाशकाला," भाई आतून म्हणाला.

वस्तादांनी परत काच ठोकली, या वेळी ड्रायव्हरसाठी.

"नाशकाला दुपारच्याला पोचायचं म्हंजी हितनं कवा निघायला लागतंय?"